कृष्णाकाठचं आमचं गाव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडं येणारा प्रत्येक जण तेच तेच विचारतो. पुण्याहून सुट्टीला आलेली भाचरं, प्रोजेक्टची वही घेऊन येणारी कॉलेजची पोरं, स्थळ बघायला आलेली मंडळी, आणि ऑगस्टमध्ये टीव्हीवर पाणी दिसलं की फोन करणारे नातेवाईक. सांगायला मला आवडतं, पण पुराच्या दिवसांत फोनची बॅटरी जपावी लागते. म्हणून एकदा बसून लिहून काढलं.

गाव नेमकं कुठं आहे?

जिल्हा सांगली, तालुका पलूस, कृष्णेचा काठ. पुणे-मिरज रेल्वेनं आलात तर किर्लोस्करवाडी किंवा भिलवडी स्टेशनला उतरायचं, तिथनं वडाप, म्हणजे माणसं भरली की सुटणारी जीप, मिळतं. गावाचं नाव इथं मुद्दाम घातलेलं नाही. एक तर काठावरच्या शेजारच्या चार गावांचीही कथा हीच आहे. दुसरं म्हणजे कुणाच्या माडीपर्यंत पाणी आलं आणि कुणी मेलेलं रेडकू नदीत टाकलं, हे नावागावासकट लिहिलं की पारावर भांडणं लागतात.

नदीचं तेवढं नीट समजून घ्या, पुढं लागणार आहे. कृष्णा महाबळेश्वरहून वाईवरनं येते, साताऱ्याशेजारी माहुलीला तिला वेण्णा मिळते, कराडला कोयना मिळते, मग वाळवा-पलूसमधनं वळणं घेत ती आमच्यापुढनं जाते. आमच्या खाली ब्रह्मनाळजवळ येरळा, सांगलीला लागून हरिपूरला वारणा आणि नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. म्हणजे कराडपर्यंतचं सगळं पाणी आमच्याकडं येतं, आणि खालच्या नद्या भरलेल्या असल्या की ते पुढं सरकत नाही. टीव्हीवाले धरणाचे उघडलेले दरवाजे दाखवतात. आमची जुनी माणसं मात्र आधी विचारतात, "वारणा काय म्हंती?"

तुम्ही सातारचे की सांगलीचे?

आजोबांच्या जुन्या कागदांवर जिल्हा सातारा, तालुका तासगाव. १९४९ मध्ये साताऱ्याचे दोन भाग झाले, तेव्हा आम्ही 'दक्षिण सातारा' झालो. १९६० मध्ये त्याच जिल्ह्याला सांगली नाव मिळालं. पलूस तालुका तर अलीकडचा. एकाच उंबऱ्यात बसून माणसानं तीन पत्ते लिहिले. बोली विचाराल तर तिला जिल्हा नाही, काठाकाठानं तीच आहे : "लै पानी आलंया", "बस की वाईच".

'प्रतिसरकार' इथंच झालं ना?

हो, इंग्रजांच्या राज्यात लोकांनी चालवलेलं ते समांतर सरकार याच पट्ट्यात झालं. त्याचे पुढारी क्रांतिसिंह नाना पाटील वाळवा तालुक्यातल्या येडेमच्छिंद्रचे. कुंडल आमच्यापासून जवळ. तिथल्या जी. डी. लाड म्हणजे बापूंनी तुफान सेना, म्हणजे प्रतिसरकारचं लढणारं दल, उभी केली. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ सरकारी पगाराची रेल्वे लुटली ती याच लोकांनी. इथंच हे का तगलं, त्याचं एक कारण नकाशात सापडतं. कुंडल होतं औंध संस्थानात आणि आसपासची बरीच गावं इंग्रजांच्या मुलखात. हद्द ओलांडली की पोलिसांची पंचाईत व्हायची, शिवाय औंधच्या राजांचा या चळवळीवर राग नव्हता. बाकी लपायला उंच वाढलेला ऊस आणि नदी ओलांडायला रात्रीची नाव. आमची आजी सांगायची, लपलेल्या माणसांसाठी भाकरी मोजून थापायच्या नाहीत, मोजल्या की किती माणसं आहेत ते शेजारणीला कळतं.

गाव नदीवर म्हणजे रोज नदीवर जाणं-येणं असेल?

नाही. हे ऐकून सगळ्यांचा हिरमोड होतो.

माझ्या लहानपणापर्यंत होतं. पहाटे बायका हंडे घेऊन जायच्या, दिवस वर आला की धुणं, मग म्हशी, मग आम्ही. पोहायला शिकताना पाठीला वाळलेला भोपळा बांधायचे. तो फुटला की पोरगं पोहायला शिकलं, अशी चुलत्यांची पद्धत. घाटाच्या पायऱ्यांवर सगळ्या गावाचा हिशेब चालायचा. "आज पाणी चौथ्या पायरीला" एवढं वाक्य रोज कुणी ना कुणी बोलायचंच, कारण रोज कुणी ना कुणी तिथं उभं असायचंच.

मग नळ आला, घरोघरी मोटर आली, धुण्याचं मशीनही आलं. शेतीचं पाणी जॅकवेलमधनं, म्हणजे नदीकाठच्या पंपाच्या विहिरीतनं, पाइपानं थेट रानात जातं, पाणी सोडणारा पाणीपुरवठा संस्थेचा पाटकरी तेवढा नदीकडं फिरकतो. आता गाव नदीवर जातं ते रक्षाविसर्जनाला, गणपतीला आणि पूर आला की फोटो काढायला. पाणी कितव्या पायरीला आहे हे आज गावात कुणाला विचारलं, तर मोबाइल काढून सांगलीच्या आयर्विन पुलाची पातळी सांगतील. तो पूल आमच्या खालच्या अंगाला, आणि मध्ये आणखी एक नदी मिळते.

पूर येतो म्हणजे नक्की काय होतं? घाटावरनं पाणी वर चढत येतं का?

सगळ्यांना तसंच वाटतं. सिनेमातल्यासारखी समोरनं लाट येईल, असं. आमचं गाव नदीच्या उंच दरडीवर आहे, घाटावरनं वर यायला पाण्याला फार वेळ लागतो. ते येतं मागनं, ओढ्यातनं. नदी फुगली की ओढ्याचं पाणी नदीत शिरत नाही, उलट नदीचंच पाणी ओढ्यात घुसतं आणि गावामागच्या सखल रानात पसरतं. याला आम्ही फूग म्हणतो. फुगीनं आधी स्टेशनकडं जाणारा रस्ता जातो, मग दुसरा, आणि घरात एक थेंब आलेला नसताना गाव बेट होऊन बसतं. बाहेर पडायचं ते त्याच्या आधी. नंतर नाव लागते.

२०१९ ला नागपंचमी ५ ऑगस्टला होती. दोन दिवस आधीपासनं पाऊस थांबत नव्हता. संध्याकाळी आम्ही पाच-सहा जण ओढ्याच्या फरशीवर, म्हणजे ठेंगण्या पुलावर, उभे होतो. पाणी होतं, पण रस्त्याच्या खाली होतं, म्हणून सगळे निवांत. तेवढ्यात एक निळी स्लिपर तरंगत आली. ती नदीकडं जायला पाहिजे होती. ती गावाकडं येत होती, सावकाश, मध्येच गिरकी घेत. शेजारच्या तात्यांनी ती बघितली, एक शब्द न बोलता वळले आणि घरी जाऊन म्हशी सोडल्या. आम्ही बाकीचे मोबाइलवर बघत बसलो, किती क्युसेक सोडलं, आयर्विनला किती फूट झालं. तात्यांच्या म्हशी त्या रात्री माळावरच्या वस्तीवर पोचल्या. आमची एक म्हैस आणि दोन शेरडं दुसऱ्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यातनं काढली, तिसरं शेरडू राहिलं.

रात्रभर काठी रोवून बसतात. पाण्याच्या कडेला काठी रोवायची, तासाभरानं बघायची : "चार बोटं चढलं." बोटं कमी होत गेली की जीव भांड्यात पडतो. त्या वर्षी सांगलीत आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथं ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ म्हणजे धोका. २००५ च्या पुराला आम्ही मोठा पूर म्हणत होतो, त्याची खूण २०१९ ला पाण्याखाली गेली. २०२१ च्या जुलैत परत आला. त्याच २०१९ मध्ये, ८ ऑगस्टला, ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि माणसं बुडाली. त्याविषयी या भागात अजून कुणी मोठ्यानं बोलत नाही.

पाणी उतरल्यावर काय करता?

खरं काम तेव्हाच सुरू होतं. पाणी घरातनं निघायला लागलं की त्याच पाण्यात घर धुवायचं. खराटा घेऊन उभं राहायचं आणि उतरत्या पाण्याबरोबर गाळ ढकलत न्यायचा. पाणी निघून गेल्यावर धुऊ म्हणून जो बसला, त्याच्या घरात दुसऱ्या दिवशी गुडघाभर चिकट गाळ आणि धुवायला पाणी नाही. हे आमच्या आईनं शिकवलं. ज्वारीच्या भिजलेल्या पोत्यांचा वास चार-पाच दिवसांत असा काही सुटतो की नंतर भाकरी समोर आली तरी पोटात ढवळतं. माळ्यावर साप असतो हे धरूनच चालायचं, तोही जीव वाचवायलाच चढलेला असतो.

पंचनाम्याचं विचारू नका. आमचं घर कागदावर अजून आजोबांच्या नावावर होतं आणि आजोबा जाऊन वीस वर्षं झालेली. एका कार्यालयानं सांगितलं मयताच्या खात्यावर मदत देता येत नाही, दुसऱ्यानं सांगितलं वारसनोंद आणा, आणि वारसनोंदीची कागदं पुरात भिजलेली. मदत मिळाली, पुढच्या दिवाळीला. ज्यांची घरं थोरल्यांच्या नावावर आहेत त्यांनी हे काम मे महिन्यातच उरकून घ्यावं.

हे सगळं कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळं होतं का?

पारावर विचाराल तर हो : खाली कृष्णेवर त्या धरणात पाणी अडलं की आमचं पुढं सरकत नाही, असं म्हणतात. सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं २०२० च्या अहवालात २०१९ च्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नाही. इथल्या बऱ्याच लोकांना ते पटलेलं नाही, आणि कर्नाटकाला धरणाची पातळी ५१९.६ मीटरवरनं ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायची आहे म्हटल्यावर पटणारही नाही. माझं मत विचाराल तर आमचा ओढा बघून या. माझ्या लहानपणी त्याच्यात बैलगाडी आडवी मावायची. आज दोन्ही बाजूंनी ऊस आत सरकलाय, भराव टाकलाय, फरशीच्या दोन मोऱ्या गाळानं बुजल्यात. तो ऊस कर्नाटकानं लावलेला नाही. त्यातल्या दोन सऱ्या आमच्याच आहेत.

मग गाव सोडून वर माळावर राहायला का जात नाही?

काही जण गेलेत. ज्यांना जमलं त्यांनी माळावर पत्र्याची का होईना खोली काढली, तिथं आता जूनपासनं वैरण आणि धान्य जातं. पण सगळं गाव हलत नाही, त्याचं कारण दरडीखाली आहे.

पूर ओसरला की काठावर जो गाळ बसतो ती मळी. लोण्यासारखी माती. त्यात ना फार खत लागतं ना फार पाणी. कृष्णाकाठची वांगी म्हणून जी बाजारात ओरडून विकतात ती या मातीतली. आमच्याकडची म्हातारी माणसं मळीचं वांगं आणि मळ्यातलं वांगं भाजतानाच्या वासावरनं ओळखतात. मळीच्या वांग्यात बी कमी, साल पातळ, आणि त्याच्या भरितात तेल टाकायच्या आधीच तुकतुकी येते. मी तिखटाचा गडी असून या भरितात चटणी कमी घालतो, याच्यावरनं काय ते समजा. पूर आला नाही तर नवी मळी नाही.

पण सगळीकडं तर ऊसच दिसतो?

दिसतो, कारण आहे. काठावरच्या माणसाला ऊस का आवडतो तर तो पुरात उभा राहतो. नुसतं बुडाला पाणी लागलं तर त्याला काही होत नाही. शेंडा पाण्याखाली गेला आणि पोंग्यात गाळ बसला की मात्र संपलं, वाढ खुंटते, कांडीवरचे डोळे फुटायला लागतात आणि वजन जातं. आडसाली लागण असेल तर दीड वर्षाचं पीक एका आठवड्यात गेलं. सोयाबीन आणि भाजीपाला मात्र पहिल्याच दिवशी जातो, म्हणून ऊस.

दुसरी बाजू सांगितली पाहिजे. नदीतनं मोटरीनं मोकाट पाणी दिलं, पाटानं दिलं, ऊस एके ऊस केला आणि सखल रानं क्षारपड झाली. हिवाळ्यात सकाळी त्या रानांवर पांढरा थर दिसतो, पाहुण्यांना ते दव वाटतं. बायका गमतीनं म्हणतात, "मीठ आणायला दुकानात कशाला जायचं?" जमिनीत सच्छिद्र पाइप घालून निचरा केला की रान परत येतं. खर्च एकट्याला झेपत नाही, आणि पाणी शेवटी कुणाच्या तरी बांधातनंच काढावं लागतं. तिथं घोडं अडतं.

हळद आहे, पण कमी. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हरिपूरची पेवं बघायला लोक यायचे. जमिनीत खोल खणलेल्या खोल्या, त्यात हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. २००५ च्या पुराचं पाणी त्यात शिरलं आणि बरीच पेवं कामातनं गेली.

काहिलीत बसून लोक नदी ओलांडतात हे खरं आहे?

पुरात, हो. काहील म्हणजे गुऱ्हाळावर रस आटवायची मोठी लोखंडी कढई, हळद शिजवायलाही तीच. गुऱ्हाळं कमी झाली तरी काहिली लोकांनी मोडीत घातल्या नाहीत, त्या परड्यात पालथ्या पडलेल्या असतात. पाणी आलं की उताण्या होतात. माणूस, शेरडू, गॅसची टाकी, बाळंतीण, सगळं तीत गेलेलं मी बघितलंय.

हौस म्हणून बसू नका. काहिलीला पुढं-मागं काही नसतं. एकट्यानं वल्हं मारलं की ती जागेवर गरागरा फिरते. दोघांनी समोरासमोर गुडघ्यावर बसून एकाच वेळी मारायला लागतं, आणि तिसऱ्यानं अजिबात हलायचं नाही. वाहत्या धारेत काहील कधीच घालत नाहीत, फक्त थांबलेल्या फुगीच्या पाण्यात. नाव चालवणं निराळं, ते शिकलेलं काम आहे. होड्यांच्या शर्यती सांगलीकडं पावसाळ्यात अजून होतात, पण रात्री धार ओळखून नाव काढणारा नावाडी आमच्या गावात आता एकच आहे आणि तो सत्तरीला आलाय.

नदीत मगरी आहेत म्हणे?

आहेत. भिलवडी, औदुंबर, आमणापूर, ब्रह्मनाळ या पट्ट्यात नेहमी दिसतात. थंडीत दहाच्या सुमाराला ऊन लागलेल्या मळीवर जबडा उघडा टाकून पडलेली असते, लांबनं वाळकं लाकूड वाटतं. उन्हाळ्याच्या तोंडाला काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालते, पावसाच्या आधी पिलं बाहेर येतात. त्या दिवसांत मादी जास्त चिडकी.

माणसांवर हल्ले झालेत, लहान पोरंही गेलीत, म्हणून यात गंमत नाही. मावळतीला पाण्यात उतरू नका, एकट्यानं धुणं धुवायला जाऊ नका, कुत्रं घेऊन कडेला फिरू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तिला संरक्षण आहे, दगड मारू नका. मेलेली जनावरं आणि कोंबड्यांची घाण नदीत टाकणारे आम्हीच, मग ती गावाजवळ येते म्हणून ओरडणारेही आम्हीच. वाळू उपसली, काठ तोडून मोटरी बसवल्या, तिनं बसायचं कुठं?

नदीचं पाणी पिता का?

नाही. उन्हाळ्यात कधी कधी काळपट, फेसाळ पाणी येतं आणि मासे पोट वर करून तरंगतात. कुणी सोडलं ते सगळ्यांना माहीत असतं आणि चौकशीत कुणालाच माहीत नसतं.

भूकंप होतो का?

कोयना जवळ म्हणून विचारतात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा धक्का जुन्या माणसांना आठवतो, फळीवरची पितळी भांडी खाली आली होती. आता भांडी स्टीलची आहेत.

सण, यात्रा कशा असतात?

इथं पोळा नाही, बेंदूर. बैल कमी झाले, पण बेंदराला ट्रॅक्टरलाही शेंदूर लागतो. गावच्या यात्रेला कुस्त्यांचं मैदान असतंच, निकाली कुस्ती झाल्याशिवाय माणसं उठत नाहीत. संक्रांतीला औदुंबरला जा : दत्ताचं दर्शन होतं, घाटावरनं नावेनं पलीकडं भुवनेश्वरी देवीलाही जाता येतं, आणि त्याच दिवशी तिथं साहित्य संमेलन भरतं. नदीकाठच्या झाडाखाली कविता ऐकत बसलेले शेतकरी बघायचे असतील तर तिथं.

पूर उतरायला लागला की गावातल्या बायका कृष्णामाईची ओटी भरतात. खण, नारळ, हळद-कुंकू. ज्या नदीनं चूल विझवली तिचीच ओटी कशी भरता, असं मी एकदा आईला विचारलं. ती म्हणाली, "माहेरवाशीण हाय. आली तर ओटी भरूनच लावायची, रिकामी गेली तर परत येती." कन्यागत, म्हणजे गुरू कन्या राशीत गेला की येणारं कृष्णेचं पर्व, बारा वर्षांनी येतं, मागचं २०१६ ला झालं.

पोरगी द्यावी का या गावात?

हा प्रश्न तोंडावर कुणी विचारत नाही, चहा पिताना भिंतीकडं बघून विचारतात. भिंतीवर पाण्याची रेघ असते, रंग दिला तरी दोन पावसाळ्यांत परत उमटते. आमची ती खांद्याएवढी आहे. लपवत नाही. शेत आहे, दूध आहे, भिलवडीत १९३९ पासनं चितळ्यांची डेअरी आहे, त्यामुळं म्हशीच्या दुधाला गिऱ्हाईक शोधावं लागलं नाही. पोरीला पोहायला येत असेल तर उत्तम.

कधी यावं? राहायची सोय आहे का?

डिसेंबर ते फेब्रुवारी. तेव्हा वांगी असतात, हुरडा असतो, ऊसतोड चाललेली असते. रस्त्यावर अंगद, म्हणजे ट्रॅक्टरला जोडलेल्या उसाच्या गाड्या, लागलेले असतात, त्यामुळं रात्री गाडी जपून चालवा, त्यांना मागं दिवा नसतो. लॉज नाही. आमच्याकडं उतरा, फक्त आदल्या दिवशी कळवा, मळीची वांगी सकाळी लवकर तोडावी लागतात.